हळदीवरचा मेकअप

नवरीचा मेकअप दहा-बारा तास टिकावा लागतो, आणि खान्देशात हे तास बहुधा उन्हाळ्यातले असतात. तुळशीच्या लग्नानंतर सुरू झालेली लग्नसराई आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आगेमागे ऐन भरात येते. त्या दिवसांत जळगाव-भुसावळचा पारा ४३ ते ४५ अंशांपर्यंत चढतो. धुळेही फार मागे नसते. हे ऊन कोरडे असते. कोकणात घाम चेहऱ्यावर साचून राहतो. खान्देशात तो आला कधी आणि वाळला कधी हे कळत नाही, पण त्यासोबत त्वचेतला ओलावाही जातो आणि चेहरा ओढल्यासारखा होतो. अशा त्वचेवर जाड थर चढवला की नवरी मनापासून हसताच नाकाच्या कडेपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत बारीक चिरा पडतात. बेस फाटतो तो असा. म्हणूनच पातळ थरांचा, त्वचेसारखाच दिसणारा मेकअप इथे शोभतो, तसाच सोयीचाही पडतो.

दुसरी अडचण हळदीची. हळदीतले कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. त्यामुळे हळदीच्या संध्याकाळी कितीही तोंड धुतले तरी दुसऱ्या दिवशी कपाळाच्या कडा, कानामागची जागा आणि मान पिवळीच राहते. साबणाने तर उलटेच होते. हळदीला अल्कधर्मी पदार्थ लागला की ती लालसर होते. पारंपरिक कुंकू हळदीच्या याच गुणावर तयार होते. हळद उतरवायला खोबरेल किंवा बदामाचे तेल हलक्या हाताने चोळून, मग सौम्य फेसवॉश वापरणे बरे. घासून काढू नये. घासलेल्या त्वचेवर कोणताच बेस नीट बसत नाही.

तेलानेही सगळी हळद जात नाही. महिनाभर आधी ट्रायलला ठरवलेली फाउंडेशनची छटा लग्नाच्या सकाळी मानेला लागू पडत नाही ती यामुळे. त्यात गुलाबी झाक असली तर चेहरा एक आणि मान दुसरीच दिसते. जाणकार मेकअप आर्टिस्ट त्या दिवशी पुन्हा जबड्याच्या कडेला आणि मानेवर छटा लावून पाहतात, शक्यतो खिडकीजवळ, आणि गरज पडली तर पिवळसर झाकेचे दोन थेंब मिसळतात. जळगाव ही सोन्याची बाजारपेठ. नवरीच्या गळ्यातल्या दागिन्यांचा आणि पैठणीच्या जरीचा पिवळा उजेड हनुवटीखाली पडतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

फाउंडेशनमध्ये रंग येतो तो मुख्यतः चार द्रव्यांतून: पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड आणि पिवळी, तांबडी, काळी अशी तीन लोह-ऑक्साइडे. छटा जितकी उजळ, तितके पांढरे जास्त. सावळ्या किंवा गव्हाळ त्वचेवर हे जास्तीचे पांढरे गोरेपणा आणत नाही. राख फासल्यासारखी करडी झाक आणते. ‘दोन शेड उजळ करा’ ही मागणी बहुधा नवरीपेक्षा तिच्या आत्या-मावश्यांचीच असते, आणि ती मान्य केली की फोटोत त्याचे फळ दिसते. कॅमेऱ्याचा फ्लॅश पडल्यावर टायटॅनियम डायऑक्साइड आणि सिलिकाची बारीक पावडर प्रकाश परत फेकते. चेहरा पांढराफटक आणि हात सावळे असे ते फोटो अल्बममध्ये कायमचे राहतात. चेहरा शेजारच्या मानेला आणि हातांना शोभला, तरच तो उजळ वाटतो.

तेज म्हणजे तरी काय? ओलावा असलेली, गुळगुळीत त्वचा प्रकाश एका दिशेने परावर्तित करते, म्हणून ती चमकते; कोरडी, खवले धरलेली त्वचा तो इकडेतिकडे विखरून टाकते. मेकअपचा क्रम त्यावरच बेतलेला असतो. आधी मॉइश्चरायझर, आणि ते जिरायला दहा मिनिटे. बेस फाटतो तो बरेचदा ही दहा मिनिटे वाचवल्यामुळे. मग सिलिकोनचा प्रायमर, जो रंध्रे आणि बारीक रेघा भरून पृष्ठभाग सपाट करतो. डोळ्यांखालची निळसर-करडी झाक आधी नारिंगी करेक्टरने मारतात, कारण नारिंगी हा निळ्याचा विरुद्ध रंग. नुसता उजळ कन्सीलर लावला तर ती जागा राखाडी होते. मग ओलसर स्पंजाने फाउंडेशनचे दोन पातळ थर, गालांवर क्रीमचा ब्लश, आणि पावडर फक्त कपाळ, नाक व हनुवटीवर. गालांच्या उंचवट्यावर लावतात त्या हायलायटरची चमक अभ्रकाच्या सूक्ष्म पापुद्र्यांची असते.

मराठी नवरीच्या चेहऱ्यावर मेकअपशिवायही बरेच काही असते. मुंडावळ्यांचे मोती कपाळावर तासन्‌तास घासतात, तेव्हा त्या बांधण्याआधी बेस सेटिंग स्प्रेने पक्का करावा लागतो. नथीच्या वजनाने नाकपुडीपाशी रंग पुसला जातो. होमाच्या धुराने डोळ्यांत पाणी येते, पाठवणीच्या वेळी तर येतेच. काजळ आणि मस्कारा वॉटरप्रूफ नसतील तर दोन्ही वेळा गालांवर उतरतात. कुंकू लावलेल्या अक्षता ओलसर गालाला लागल्या की लाल ठिपके पडतात. टचअपला टिश्यूने टिपायचे, पुन्हा पावडर थापायची नाही.

खरा धोका मात्र आधीच्या महिन्यांतला. गोरे होण्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या अनेक ट्यूबमध्ये स्टिरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, पुरळ उठतो, आणि उन्हात आग होते. २०१८मध्ये केंद्र सरकारने अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, तरी ‘अमुक ट्यूब लाव’ हा शेजारणीचा सल्ला थांबलेला नाही. चार दिवसांवर लग्न असताना नवे फेशियल किंवा ब्लीच करणे असेच महागात पडते. झटपट रंगणाऱ्या काळ्या मेंदीत पीपीडी हे केसांच्या कलपातले रसायन मिसळलेले असते, त्याने हातांवर फोड येतात. नवे काहीही वापरण्याआधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहावे.

हे सारे जाणणारा स्वतंत्र व्यवसाय तसा अलीकडचा. नवरीला नटवण्याचे काम पूर्वी घरातल्या बायका करत, पुढे पार्लरवाल्या ताई. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत मात्र मेकअप पुरुषांनी करायचा आणि केशभूषा बायकांनी, असा संघटनेचा दंडक होता. मेकअप आर्टिस्ट चारू खुराणा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० नोव्हेंबर २०१४ रोजी तो रद्द केला.

मेकअप उतरवताना पुन्हा तेलच लागते. वॉटरप्रूफ रंग मेण आणि सिलिकोनच्या आधाराने टिकलेले असतात. पाण्याला ते दाद देत नाहीत, तेलात सुटतात. पाठवणीनंतर कितीही थकवा असला तरी आधी तेलाने, मग फेसवॉशने चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावावे. कापसावर शेवटी थोडा पिवळा रंग येतो, तो हळदीचा.