कुणीच न विचारलेले प्रश्न: एफएक्यूच्या पानाबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हापूसचा हंगाम जवळ आला की कोकणातल्या बागायतदारांच्या वेबसाइटवर साफसफाई सुरू होते. नवे फोटो चढतात, नवे दर लागतात आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं एक नवं पान येतं: 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न', म्हणजेच एफएक्यू. हे पान असलं की गूगलवर वर येता येतं, असं सल्ला देणाऱ्यानं सांगितलेलं असतं. त्या पानावर पहिलाच प्रश्न असतो, 'आमचेच आंबे का घ्यावेत?' आता हे असं कोणतं गिऱ्हाईक विचारतं? गिऱ्हाईक विचारतं ते पेटीत किती डझन, आंबे कच्चे येणार की पिकलेले, आणि साका, म्हणजे आतून खराब झालेला गर, निघाला तर काय. सर्चमध्ये एफएक्यूचं पान चालतं ते अशा खऱ्या प्रश्नांवर. पहिल्या तऱ्हेची पानं मात्र गैरसमजांतून तयार होतात. उदाहरण आंब्याचं घेतलं असलं, तरी शिकवणीचे वर्ग, दवाखाना, होमस्टे अशा कुणालाही ते लागू आहे.

गैरसमज १: एफएक्यूचा स्कीमा टाकला की पान वर येतं

स्कीमा म्हणजे पानाच्या कोडमध्ये घातलेल्या खुणा. हा प्रश्न, हे त्याचं उत्तर, असं त्या सर्च इंजिनला सांगतात. या खुणांची सामाईक पद्धत गूगल, बिंग आणि याहू यांनी मिळून २०११ मध्ये सुरू केली. मे २०१९ मध्ये गूगलनं अशा खुणा असलेल्या पानांचे प्रश्न थेट शोधाच्या निकालातच दाखवायला सुरुवात केली. मोबाइलच्या पडद्यावर एकाच वेबसाइटला ऐसपैस जागा मिळू लागली आणि जो तो एफएक्यूच्या मागे लागला. ज्या पानावर एकही शंका येण्यासारखं काही नव्हतं, तिथंही पाच-सहा प्रश्न चिकटवले गेले. मग २०२१ मध्ये गूगलनं एका निकालाखाली जास्तीत जास्त दोनच प्रश्न दाखवायचं ठरवलं. ऑगस्ट २०२३ मध्ये तर जाहीरच केलं, की ही सोय यापुढे नावाजलेल्या, अधिकृत अशा सरकारी आणि आरोग्यविषयक वेबसाइटपुरतीच राहील.

म्हणजे आंबे, पैठणी किंवा सहली विकणाऱ्याला हा मार्ग तेव्हाच बंद झाला. तरीही 'एफएक्यू स्कीमा पॅकेज' अजून विकलं जातं आणि घेणारे पैसे मोजतात. मुळात या खुणांमुळे पानाचा क्रमांक वर जातो, असं गूगलनं कधीच म्हटलेलं नाही. त्या खुणांनी निकालाचं दिसणं बदलत होतं, एवढंच. तुमच्या पानात हा कोड आधीच असेल तर तो उपटून काढायची गरज नाही, त्यानं नुकसान होत नाही. फक्त कोडमध्ये लिहिलेलं उत्तर पानावर वाचणाऱ्यालाही दिसलं पाहिजे. कोडमध्ये एक आणि पानावर दुसरंच, हे नियमात बसत नाही.

गैरसमज २: प्रश्न जितके जास्त आणि त्यात कीवर्ड जितके जास्त, तितकं चांगलं

'रत्नागिरी हापूस आंबा ऑनलाइन पुणे कुठे मिळेल?', 'रत्नागिरी हापूस आंबा ऑनलाइन मुंबई कुठे मिळेल?', 'रत्नागिरी हापूस आंबा ऑनलाइन ठाणे कुठे मिळेल?' अशी रांग लावलेली पानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पानाच्या कोडमध्ये कीवर्डची यादी भरण्याची जी जुनी पद्धत होती, ती आपण क्रमवारीसाठी वापरत नाही, हे गूगलनं २००९ मध्येच उघडपणे सांगितलं. दिसणाऱ्या मजकुरात तोच तो शब्द कोंबणं तर गूगलच्या स्पॅमविषयक धोरणात थेट नोंदलेलं आहे.

वरच्या तीन प्रश्नांचं उत्तर एकच आहे: कुठं कुठं पोचवतो आणि किती दिवसांत. त्यासाठी एक प्रश्न आणि गावांची एक सरळ यादी पुरते.

गैरसमज ३: प्रश्न आपणच बसून सुचवायचे, किंवा दुसऱ्याच्या साइटवरून घ्यायचे

प्रश्न आधीच आपल्याकडे आलेले असतात. गेल्या हंगामातले व्हॉट्सअॅपचे मेसेज वर सरकवत जा. फोन घेणाऱ्या माणसाला विचारा, की रोज तेच तेच काय सांगावं लागतं. कुरिअरवाल्याशी कशावरून वाद होतात तेही बघा. त्यानंतर गूगलचं सर्च कन्सोल उघडा. ते फुकट आहे. लोक काय टाइप करून तुमच्या साइटपर्यंत आले, किंवा साइट दिसूनही आत आले नाहीत, हे त्यात मागच्या सोळा महिन्यांपर्यंतचं दिसतं. आंब्यासारख्या हंगामी धंद्याला हे फार सोयीचं, कारण मागचा अख्खा हंगाम त्यात सापडतो. शिवाय गूगलवर काही शोधलं की निकालांच्या मध्येच 'लोक हेही विचारतात' अशी एक चौकट येते. तीही बघावी, पण तिथला प्रश्न आपल्या गिऱ्हाइकाचा असेल तरच उचलावा.

असा एक प्रश्न घेऊ: 'देवगड हापूस आणि रत्नागिरी हापूस यांत खरा कोणता?' टाळाटाळीचं उत्तर असं असतं: 'आमचा हापूस शंभर टक्के अस्सल असून चव अप्रतिम आहे.' कामाचं उत्तर असं: 'दोन्ही हापूसच. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर हे पाच जिल्हे येतात. आमची बाग अमुक गावात आहे.' दुसऱ्या उत्तरात वाचणाऱ्याला पडताळून पाहता येईल असं काहीतरी आहे. सर्चमध्ये टिकतं ते असंच पान, कारण ते वाचल्यावर माणसाला तोच प्रश्न घेऊन पुन्हा गूगलकडे जावं लागत नाही.

गैरसमज ४: उत्तर मोठं असलं की गूगलला आवडतं

अमुक शब्द झालेच पाहिजेत, असा कोणताही किमान आकडा नाही. गूगलच्या मार्गदर्शिकेतही हे स्पष्ट लिहिलेलं आहे. उत्तराची लांबी प्रश्नावर ठरते. 'पेटी परत घेता का?' याला दोन वाक्यं बास. 'आंबे कच्चे येतात की पिकलेले?' याला चार-पाच लागतील: 'कच्चे, पण तयार झालेले पाठवतो. पोचल्याबरोबर पेटी उघडा. भाताच्या पेंढ्यात एकच थर लावून आढी घाला. रोज एकदा बघा आणि पिकलेला आंबा बाजूला काढा. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवू नका.'

क्रमाकडे लक्ष द्या. पहिल्याच शब्दात उत्तर मिळालं, कसं ते मागून आलं. आपल्याकडे बरीच उत्तरं 'आंबा हा फळांचा राजा मानला जातो' इथून निघतात आणि मुद्द्यावर येईपर्यंत वाचणारा दुसऱ्या साइटवर पोचलेला असतो. साक्याच्या प्रश्नालाही हाच नियम. साका बाहेरून ओळखता येत नाही, आंबा कापल्यावरच कळतो. हे आधी सांगावं आणि मग भरपाई कशी देणार ते लिहावं.

गैरसमज ५: प्रश्नावर टिचकी मारल्यावर उघडणारं उत्तर गूगल वाचत नाही

हा गैरसमज एके काळच्या परिस्थितीतून आला. पूर्वी असा झाकलेला मजकूर कमी महत्त्वाचा धरला जाई. गूगल आता पानाची मोबाइलवरची आवृत्ती प्रमाण मानतं. छोट्या पडद्यावर घडीची उत्तरं सोयीची असतात, म्हणून त्यांना पूर्ण वजन मिळतं.

यात एक मेख मात्र आहे. उत्तर पानात आधीपासून असून फक्त घडी घातलेलं असेल तर ठीक. पण टिचकी मारल्यानंतरच ते सर्व्हरवरून मागवलं जात असेल, तर गूगलचा बॉट ते कधीच बघणार नाही, कारण तो बटणं दाबत बसत नाही. खात्री करायची असेल तर सर्च कन्सोलमधल्या यूआरएल तपासणीत पानाचा पत्ता टाका आणि गूगलला दिसलेल्या कोडमध्ये आपलं उत्तर शोधा. तिथं ते मिळालं नाही, तर वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करायला हवा.

गैरसमज ६: मराठीत लिहून काही उपयोग नाही

भाषेचा संदर्भ समजून घेणारी बर्ट ही प्रणाली गूगलनं डिसेंबर २०१९ मध्ये सत्तरहून अधिक भाषांसाठी लागू केली. त्या यादीत मराठीही होती. त्यामुळे प्रश्न लोक बोलतात तसा लिहिला तर चालतो, शब्दांची मोळी बांधावी लागत नाही.

गिऱ्हाइकं दोन्ही भाषांतली असतील तर दोन स्वतंत्र पानं करा आणि एकमेकांना जोडा. एकाच पानावर वर मराठी, खाली तेच इंग्रजी अशी खिचडी करू नये. पान कोणत्या भाषेचं हे गूगल दिसणाऱ्या मजकुरावरून ठरवतं आणि खिचडीत त्याचा गोंधळ होऊ शकतो. इंग्रजी उत्तरं यंत्रानं मराठीत आणून न वाचताच चिकटवणं तर सर्वांत वाईट. 'पेटी' ऐवजी 'खोका' आणि 'आढी' ऐवजी 'पिकवण्याची प्रक्रिया' वाचल्यावर हा मजकूर बागेतून आलेला नाही, हे गिऱ्हाइकाला लगेच कळतं.

गैरसमज ७: सगळे प्रश्न एकाच पानावर, आणि एकदा लिहिलं की झालं

दराची शंका दराच्या पानावर येते, घरपोच सेवेची शंका पैसे भरताना. उत्तर तिथंच द्यावं. स्वतंत्र एफएक्यूचं पान उरलेल्या सर्वसाधारण प्रश्नांसाठी ठेवावं आणि तिथून संबंधित पानांना दुवे द्यावेत. एखादं उत्तर दोन ठिकाणी आलं तर गूगल दंड करतं, ही भीतीही अनाठायी आहे. सारखी पानं दिसली की ते सहसा त्यातलं एक निवडून दाखवतं.

मात्र मागच्या वर्षीचा दर, बंद झालेला नंबर, संपलेल्या हंगामाची तारीख यांनी पान निकामी होतं. मजकूर तोच ठेवून वरची तारीख तेवढी बदलण्याचा उपाय फुकट जातो.

गैरसमज ८: आता एआयच उत्तरं देतो, मग एफएक्यू कशाला?

गूगलची एआय सारांशाची सोय भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आली. काही उत्तरं लोक तिथंच वाचतात आणि पुढं टिचकी मारत नाहीत, हे खरं आहे. पण त्या सारांशात यायला वेगळा स्कीमा किंवा खास फाइल लागत नाही, असं गूगलच सांगतं. पान गूगलच्या नोंदीत असलं आणि त्यातला उतारा निकालात दाखवता येत असला की ते पात्र ठरतं. 'आंबा कसा पिकवावा' हे एआय सांगेल. 'तुमच्या बागेतली पेटी नागपूरला किती दिवसांत येते आणि साका निघाला तर काय' हे तुमच्या पानावर लिहिलेलं नसेल, तर तो कुठून सांगणार?

पान जमलं की नाही, हे हंगामाच्या शेवटी दोन ठिकाणी तपासावं. सर्च कन्सोलमध्ये त्या पानाला आलेल्या टिचक्या वाढल्या का, आणि फोनवर तेच ते प्रश्न कमी झाले का. टिचक्या वाढून फोन तसेच राहिले असतील, तर उत्तरं पुन्हा लिहायला घ्या. फोन कमी झाले पण टिचक्या वाढल्या नाहीत, तर प्रश्नांची भाषा गिऱ्हाइकाची आहे का ते बघा.