कुंपणावरची तीन पानांची वेल
रानओळख : लेखांक ११

मुळशीत प्लॉट घेतलेल्या एका वाचकांनी तारेच्या कुंपणावर चढलेल्या वेलीचा फोटो पाठवला आहे. एका देठाला तीन पाने, पानांच्या कडा दातेरी. मोबाइलमधल्या ॲपने नाव सांगितले, ‘पॉयझन आयव्ही’. सुट्टीत नातवंडे येणार आहेत, तर माणूस लावून वेल उपटून जाळून टाकावी का, असे ते विचारतात.

आधी उत्तर देतो. ही पॉयझन आयव्ही नाही, आणि रानातले अनोळखी काहीही जाळायचे नाही. पॉयझन आयव्ही मूळची उत्तर अमेरिकेतली. तिच्या गोतातली काही झाडे आपल्या देशात आहेत, पण ती हिमालयात आणि ईशान्येकडे. मुळशी-ताम्हिणीच्या रानात ती आपोआप उगवत नाहीत. ॲपने पानाचा आकार जुळवला, मुलूख पाहिला नाही.

त्याच फोटोत खरी खूण आहे. पान जिथे फुटले आहे त्याच पेरावर, पानाच्या बरोबर समोरून एक तणावा निघाला आहे आणि त्याने तारेला वेढे घातले आहेत. पॉयझन आयव्हीला तणावा नसतोच. खोडातून फुटणाऱ्या बारीक मुळ्यांनी ती झाडाला चिकटत वर जाते, म्हणून तिचे जुने खोड केसाळ दिसते. पानासमोर तणावा ही तर द्राक्षाच्या कुळाची ओळख. वाचकांच्या कुंपणावर आहे ती आंबटवेल. पावसाळ्यात ती झपाट्याने पसरते. तिची फळे पिकली की काळी-जांभळी होतात, पॉयझन आयव्हीची पांढरट असतात. आंबटवेलीला अंगावर फोड आणणारी म्हणून भिण्याचे कारण नाही. फक्त मुलांना ती फळे तोंडात घालू देऊ नका, घसा खाजतो.

तीन पानांची जी वेल मुळशीत खरोखर सांभाळून हाताळायची, ती खाजकुइली. तिला तणावा नाही, ती स्वतःच आधाराला पीळ घालत चढते. पानांच्या कडा सरळ असतात आणि बाजूची दोन पाने मधल्या शिरेपाशी सारखी दुभागलेली नसतात, बाहेरचा भाग जास्त रुंद असतो. पावसाळा सरताना गडद जांभळ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. मग वाकड्या शेंगा धरतात, त्यांच्यावर सोनेरी-तपकिरी लव असते. सगळी खाज त्या लवेत. शेंगा सुकल्या की ती वाऱ्यानेही उडते. अंगावर पडली तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढा, लव निघून येते, मग धुवा.

खाज कधी सुटली, हे विचारले तर निम्मे निदान होते. खाजकुइली तिथल्या तिथे आग करते. पॉयझन आयव्हीचे तसे नाही. तिच्या चिकातले उरुशिओल कातडीत मुरते आणि पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठते, तोवर आपण कशाला हात लावला होता तेही विसरलेलो असतो.

असाच उशिराने उतणारा चीक आपल्याकडेही आहे, पण तो वेलीत नाही, झाडात आहे: बिब्बा. पॉयझन आयव्ही, बिब्बा, आंबा, काजू हे सगळे एकाच कुळातले आणि त्यांच्या चिकातली द्रव्ये एकमेकांच्या जवळची. धोबी कपड्यांवर बिब्ब्याच्या चिकाने खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांना नेमक्या त्या खुणेखालच्या कातडीवर फोड येऊ लागले, आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्याची वैद्यकीय नियतकालिकात नोंद केली. मायदेशात पॉयझन आयव्ही उतलेल्या माणसाला बिब्बाही उतू शकतो. उलटही खरे आहे. ज्यांना इथे आंब्याच्या चिकाने तोंडाभोवती पुरळ येते, त्यांनी अमेरिकेतल्या मुलांकडे गेल्यावर परसातली वेल हाताने उपटू नये.

जाळू नका म्हणालो ते याचसाठी. पॉयझन आयव्हीचा चीक धुराबरोबर जाऊन श्वासनलिकेपर्यंत पोचतो. बिब्ब्याच्या धुरानेही तोंड सुजते. मुळशीत प्लॉट साफ करताना सगळा पालापाचोळा एका ढिगात लोटून काडी लावायची पद्धत पडली आहे, ती मला धोक्याची वाटते. त्या ढिगात काय काय गेले आहे ते कोणी पाहिलेले नसते, आणि धुरात उभी असतात ती रोजंदारीवर आलेली माणसे.

ओळखीसाठी फोटो पाठवणार असाल तर नुसते पान नको. पान फुटते ते पेर, खोड, पानाची मागची बाजू आणि असल्यास फूल-फळ, एवढे तरी हवे. वेल तोडू नका, जागेवरच फोटो काढा. आणि जागा साफ करून घेण्याआधी गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला बोलावून आवारात बिब्बा कुठे आहे ते दाखवून घ्या. कामाला येणाऱ्यांना हातमोजे, लांब बाह्यांचा सदरा आणि हात धुवायला साबण द्या.