उजवीकडे कोण, डावीकडे कोण?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात एक चमत्कार आहे. तो वाचताना माणूस हमखास अडखळतो. बेथसैदात येशू एका आंधळ्याला गावाबाहेर नेतो, त्याच्या डोळ्यांना थुंकी लावून हात ठेवतो आणि काही दिसतंय का, असं विचारतो. त्याला माणसं दिसतात खरी, पण चालत्या झाडांसारखी. येशू पुन्हा हात ठेवतो, तेव्हा कुठे सगळं स्वच्छ दिसू लागतं. एका शब्दासरशी वादळ शमवणाऱ्या येशूला इथे दोनदा हात का ठेवावे लागले? मत्तय आणि लूक यांनी मार्कमधला बराचसा मजकूर आपल्या शुभवर्तमानांत घेतला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हा प्रसंग मात्र दोघांकडेही नाही.

या कोड्याचं उत्तर त्या पाच वचनांत सापडत नाही. त्यासाठी पुढे वाचत राहावं लागतं.

लगेच पुढच्या प्रसंगात शिष्य पेत्र येशूला ख्रिस्त म्हणून ओळखतो. पण आपल्याला दुःख सोसून मरावं लागणार, असं येशू सांगतो तेव्हा हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावू लागतो. पेत्रालाही दिसलंय, पण अर्धवट. पुढच्या दोन अध्यायांत येशू आणखी दोनदा आपल्या मरणाविषयी बोलतो. एकदा त्यानंतर शिष्य आपल्यात मोठा कोण यावरून वाद घालतात. दुसऱ्यांदा याकोब आणि योहान हे भाऊ येशूच्या वैभवात त्याच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात. मग यरीहोजवळ आणखी एक आंधळा भेटतो, बार्तीमय. त्याला तत्काळ दृष्टी येते आणि तो येशूमागे यरुशलेमच्या वाटेला लागतो. दोन आंधळ्यांच्या मधोमध मार्कने डोळस शिष्यांचं न दिसणं मांडलं आहे.

अजून एक धागा आहे. मी तुमच्यासाठी काय करावं, असं येशू त्या दोन भावांना विचारतो. पुढे थोड्याच वचनांनंतर बार्तीमयालाही तो हेच विचारतो. भाऊ मानाच्या जागा मागतात, भिकारी दृष्टी मागतो.

भावांना येशू सांगतो की, आपण काय मागतोय हे त्यांनाच कळत नाही आणि त्या जागा ज्यांच्यासाठी तयार केल्या आहेत त्यांच्याच आहेत. त्या कुणासाठी, हे तिथे कळत नाही. कळतं ते पंधराव्या अध्यायात. येशूला क्रुसावर खिळतात तेव्हा त्याच्या उजवीकडे एक आणि डावीकडे एक असे दोन लुटारू असतात. मार्क यावर काहीच भाष्य करत नाही. वाचकाला आधीचं आठवत असेल, असं तो धरून चालतो.

तुकड्यातुकड्यांनी वाचणाऱ्याच्या हाती हे लागणं कठीण. बायबलमधली आज प्रचलित असलेली अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाणारी. नव्या करारातले वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एस्त्येन या मुद्रकाने 1551 मध्ये घातले. संदर्भ शोधायला हे आकडे फार सोयीचे, पण त्यांच्यामुळे एकसलग कथा सुट्या वचनांची झाली.

सावकाश वाचनाची परंपरा जुनी आहे. बाराव्या शतकात दुसरा गिगो या कार्थुसियन मठाधिपतीने तिच्या चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन. महाराष्ट्रात अशा चिकाटीच्या वाचनाचं ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. साध्या मराठीत बायबल आणण्यासाठी त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास केला आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा व्याप सांभाळत, 1922 मध्ये निधन होईपर्यंत, हे काम केलं.

सामान्य वाचकाला इतकी तयारी लागत नाही. मार्क हे चारांतलं सर्वांत छोटं शुभवर्तमान आहे, सोळा अध्यायांचं. दोनेक तासांत ते मोठ्याने सलग वाचून होतं. पहिल्या वाचनात कथा कळू द्यावी. दुसऱ्या वाचनात पेन्सिल घेऊन पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न, जागा, माणसं यांवर खुणा कराव्यात. अडखळवणारा प्रसंग आला की टीका-ग्रंथ उघडण्याआधी त्याच्या मागचा आणि पुढचा प्रसंग नीट पाहावा. अकराव्या अध्यायापासून सुरुवात करायलाही हरकत नाही: येशू अंजिराच्या झाडाला शाप देतो, मग मंदिरातल्या व्यापाऱ्यांना हुसकावतो आणि दुसऱ्या दिवशी ते झाड वाळलेलं दिसतं. मंदिराचा प्रसंग झाडाच्या गोष्टीच्या मधोमध का घातला असेल, हा प्रश्न घेऊन तो अध्याय पुन्हा वाचावा.