सोळा हात पाणी

आस्वान शहरासमोर, नाईलच्या पात्रात एलिफंटाइन नावाचं बेट आहे. तिथल्या काठावरून एक अरुंद दगडी जिना थेट पाण्यात उतरतो. पाहणाऱ्याला वाटावं, घाटच आहे. पण भिंतीवर ओळीनं खुणा कोरलेल्या दिसतात आणि लक्षात येतं, की ही नदी मोजायची पट्टी आहे. माप हाताचं : २८ बोटांचा एक हात, म्हणजे सुमारे साडेबावन्न सेंटिमीटर.

पुराच्या उंचीवरून पिकाचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून सारा, असा इजिप्तचा खाक्या. पालेर्मो शिला नावाच्या कोरीव दगडावर तर जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वीच्या राजांची नोंदसुद्धा त्या-त्या वर्षीच्या पुरासकट आहे. पुढे रोमन लेखक प्लिनीनं हिशेब लिहून ठेवला. पाणी १२ हात चढलं तर उपासमार, १३ हात चढलं तरी ओढाताण. १४ हातांना चेहरे खुलतात, १५ हातांना घोर मिटतो आणि १६ हातांना आनंदीआनंद. त्याहून फार चढलं, तर पाणी वेळेवर ओसरत नाही आणि पेरणी हुकते. उपासमार आणि सुबत्ता यांच्यात अंतर काय, तर जेमतेम दोन मीटर!

नाईलची खरी करामत मात्र तिच्या वेळापत्रकात होती. तैग्रिस-युफ्रेटिसचा पूर वसंतात, ऐन उभ्या पिकात यायचा. नाईल भर उन्हाळ्यात चढायची, ऑक्टोबरच्या सुमारास ओसरायची आणि मागे काळा गाळ ठेवायची. त्या ओलीवर गहू आणि जव पेरायचे, आपल्या रब्बीसारखे, आणि पुढचा पूर यायच्या आत कापणी उरकायची. जमिनीतले क्षारही पुराबरोबर धुऊन जात. वर्षाचे ऋतू तीनच : पूर, उगवण, कापणी. देशाचं नावही ‘केमेत’, म्हणजे काळी जमीन.

पण पाऊस नसलेल्या देशात, उन्हाळ्यात नदी फुगायची कशी? ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं हे तिथल्या पुरोहितांना विचारलं; कुणालाच सांगता येईना. बर्फ वितळत असेल, हा तर्क त्यानं स्वतःच मोडीत काढला : इतक्या उष्ण मुलखात बर्फ कुठला? शंका रास्त होती. उत्तर होतं इथिओपियाच्या पठारावरच्या पावसाळ्यात. तिथलं पाणी निळी नाईल आणि अतबारा या नद्या खाली आणतात.

हा पाऊस आपल्या मोसमी पावसाच्या नात्यातलाच. प्रशांत महासागर तापवणारा एल निनो आला की बहुधा दोन्हीकडे हात आखडतो. १८७७ साली दख्खन दुष्काळानं होरपळत होती आणि त्याच वर्षी नाईलचा पूरही फार तोकडा पडला. भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर आपल्या पावसाची गणितं मांडताना नाईलच्या पुराचे आकडे तपासत, ते उगाच नव्हे.

कैरोतल्या रोडा बेटावर ८६१ साली बांधलेली मोजणीची विहीर अजून शाबूत आहे. मधोमध अष्टकोनी संगमरवरी खांब, त्यावर हातांच्या खुणा. एके काळी पाणी सोळाव्या खुणेला टेकलं, की शहरात कालवा फोडण्याचा सोहळा होई. १९७० साली आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि पूर वरच अडला; गाळही धरणाच्या पोटात बसू लागला. आता पर्यटक कोरड्या पायांनी पायऱ्या उतरून त्या खांबाच्या बुडाशी जातात.