बोगदा येण्याआधी

मुक्काम हॉटेलात करावा की नातेवाइकांकडे, हे या आठवड्यात लिहायचं ठरलं होतं. ते राहू द्या. एका ताईंचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये. मुलगा स्वमग्न, सासर कोकणात. गाडी बोगद्यात शिरली की तो कान दाबून किंचाळतो आणि पुढचा बोगदा येईपर्यंत शांत होत नाही. कोकण रेल्वेवर पुढचा बोगदा यायला किती वेळ लागतो, ते वेगळं सांगायला नको. शेवटी त्यांनी गणपतीला गावी जाणंच बंद केलं. सासूबाई फोनवर विचारतात, ‘एवढंसं पोर, त्याचं काय ऐकायचं?’ ताईंचा मला प्रश्न मात्र एका ओळीचा आहे: हेडफोन कुठला घेऊ?

आधी तेवढं सांगून टाकतो. ‘नॉइज कॅन्सलिंग’ म्हणून जे महाग हेडफोन मिळतात त्यांत बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलटी लहर कानात सोडतात. दोन्ही एकमेकांना खातात. ही युक्ती खालच्या पट्टीतल्या, एकसुरी आवाजांवर फार छान चालते: विमानाच्या इंजिनाची घरघर, एसीचा घुमारा, डब्याखालचा चाकांचा खर्ज. अचानक आणि वरच्या पट्टीत येणाऱ्या आवाजापुढे, म्हणजे हॉर्न, ब्रेकची कर्कश किरकिर, शेजारच्या बर्थवरचं तान्हं बाळ, तिचं फारसं काही चालत नाही. तिथं कामाला येतात ते कारखान्यात कामगार घालतात तसले साधे इअरमफ. त्यांना बॅटरी लागत नाही, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात आणि त्या हेडफोनच्या मानाने जवळजवळ फुकट पडतात. मात्र ते डोकं आवळतात. ज्या मुलाला साधी टोपी सहन होत नाही त्याला घरी रोज थोडा थोडा वेळ घालून सवय करावी लागते. प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदाच चढवलेत तर ते खिडकीतून बाहेर जाण्याचीच शक्यता जास्त.

दुसरं म्हणजे डबा. उघड्यावर गाडीचा आवाज चहूकडे पांगतो, बोगद्यात तो भिंतींवर आपटून खिडकीतून परत आत येतो. त्यामुळे उघड्या खिडक्यांचा स्लीपर आणि बंद काचांचा एसी डबा यांच्यात कानाच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पैसे पुरत असतील तर एकवेळ बाकी कशातही काटकसर करा, एसीत नको. डबा गाडीच्या मधला घ्या. ज्या गाड्यांना टोकाला जनरेटरचा डबा असतो तिथं फलाटावर चढता-चढताच मूल बिथरतं, आणि मग पुढचा प्रवास बिथरलेल्या मुलाबरोबरच होतो. आता बऱ्याच गाड्यांना डब्यांची वीज इंजिनामार्फत तारेतूनच मिळते, म्हणून हा गोंगाट पुष्कळ कमी झालाय.

जाता जाता एक. गेल्या आठवड्यातल्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावरच्या लेखावर काहींनी विचारलं की दिव्यांगांच्या डब्यातून का जात नाही. तो डबा बहुधा गाडीच्या टोकालाच असतो, हे एक कारण. चाकाच्या खुर्चीसाठी त्याचं दार रुंद केलंय, ते योग्यच आहे. पण डब्याचा आराखडा काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दिव्यांग म्हणजे चाकाची खुर्ची, फार तर पांढरी काठी. २०१६ च्या कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत स्वमग्नता आहे. डब्यात मात्र ती अजून चढलेली नाही.

असो. ताई, हेडफोन घ्याच, पण त्यानं तुमचं निम्मंच काम होईल. उरलेलं निम्मं मला जास्त महत्त्वाचं वाटतं आणि या लेखमालेत ते कधी ना कधी येणारच होतं.

१९४३ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या लिओ कॅनर यांनी अकरा मुलांवर एक निबंध लिहिला. स्वमग्नतेचं आजचं सगळं शास्त्र कुठं ना कुठं त्या निबंधाशी जाऊन पोचतं. त्यातलं पुष्कळसं आता जुनं झालंय, आणि आईबापांच्या थंडपणाबद्दल त्यांनी जे म्हटलं त्याचा मला अजूनही राग येतो. पण माणसाची नजर तीक्ष्ण होती. ही मुलं व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतात, लिफ्टला घाबरतात, हे त्यांनी नोंदवलंच. पुढे असंही नोंदवलं की तितकाच मोठा आवाज ती स्वतः आनंदानं करतात. म्हणजे मुलाला छळतो तो न विचारता आत घुसणारा आवाज. सगळीच मुलं यात बसत नाहीत हे खरं. काहींना ठरावीक आवाज खरोखर दुखतो, आणि त्यांना आधी कानाच्या डॉक्टरांकडे आणि ऑडिओलॉजिस्टकडे न्यायला हवं. पण माझ्या घरात कॅनर यांचं निरीक्षण रोज खरं ठरतं. आमचा थोरला मुलगा, तोही स्वमग्न, मिक्सर लागला की घराबाहेर पळतो, आणि तोच स्टीलचं ताट जमिनीवर गरगर फिरवून त्याचा थरथराट कान लावून ऐकतो.

दुसरा दाखला साध्या, धडधाकट माणसांवरचा आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचं शहरी गोंगाटावरचं पुस्तक १९७२ साली आलं. त्यांनी लोकांना गोंगाटात काम करायला बसवलं. काहींना तो ठरावीक अंतरानं ऐकवला, काहींना कसाही, मध्येच. गोंगाट चालू असताना दोघांनीही काम निभावून नेलं. फरक नंतर पडला. आवाज थांबल्यावर शांततेत मुद्रितं तपासायला आणि कोडी सोडवायला दिली, तेव्हा ‘कसाही, मध्येच’ वाल्यांच्या जास्त चुका राहिल्या आणि त्यांनी कोडीही लवकर टाकून दिली. आणखी काहींच्या हाताशी एक बटण दिलं: अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही. गोंगाट पुरा ऐकला, आणि तरीही त्यांची नंतरची कामं बटण नसलेल्यांपेक्षा चांगली झाली. आवाज तोच, तेवढाच. हाताशी बटण होतं, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या मुलांकडे या. पुढच्या क्षणाचा अंदाज बांधणं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जड जातं, आणि बोगद्याला तर कुठलंच बटण नाही. तेव्हा निदान तो कधी येणार हे त्यांना आधी कळलं पाहिजे. इथं रेल्वेसारखं वाहन नाही. रस्त्यावर पुढं काय वाढून ठेवलंय ते ड्रायव्हरलाही ठाऊक नसतं. रेल्वेचं सगळं ठरलेलं आणि लिहिलेलं असतं. माझ्या मते तिच्या वेळापत्रकाइतका गुणकारी कागद कुठल्याही थेरपी सेंटरमध्ये मिळत नाही.

त्या वेळापत्रकावरून आम्ही मुलांसाठी करतो ती पट्टी अशी. हातभर लांब कागद घ्यायचा आणि त्यावर गाडीच्या वाटेवरची स्टेशनं क्रमानं लिहायची. गाडी थांबत नसेल तीसुद्धा, कारण त्यांच्या पाट्या खिडकीतून दिसतात. कोलाड, माणगाव, वीर, खेड, चिपळूण, संगमेश्वर, उक्षी, भोके, रत्नागिरी. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरमध्ये बोगदे नव्वदच्या घरात आहेत, सगळे लिहीत बसायचं नाही. मोठे तेवढे नावानिशी: खेडच्या अलीकडे नातूवाडी, उक्षी आणि भोके यांच्यामध्ये करबुडे, रत्नागिरी सुटल्यावर टिके. लहानांसाठी नुसते काळे ठिपके. स्टेशन गेलं की मुलानं तिथं घडी घालायची. पट्टी आखूड होत जाते आणि गाव जवळ येतं.

करबुडे साडेसहा किलोमीटरचा, कोकण रेल्वेवरचा सगळ्यांत लांब. गाडीच्या वेगाप्रमाणे आत पाच-सात मिनिटं जातात. आईबापांच्या पोटात गोळा येतो तो याच बोगद्याला, पण थोरला त्यात घड्याळ लावून निवांत बसलेला असतो. आवाज एकदा चढला की तिथंच ठरतो. त्याला पिडतात ते लहान बोगदे: अंधार, उजेड, पुन्हा अंधार, आणि दर वेळी कानावर नवा धक्का. तुमच्या मुलाचं कदाचित उलट असेल. पहिल्या खेपेला नुसतं बघा, कुठल्या बोगद्यात काय होतं ते पट्टीवरच टिपून ठेवा.

हॉर्नचंही कारण दाखवता येतं. सपाटीच्या मार्गावर रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेलं दिसतं. म्हणजे सीटी, फाटक. फाटकाच्या सुमारे ६०० मीटर आधी ही पाटी असते आणि तिच्याशी आलं की लोको पायलटनं हॉर्न द्यायचा. बोगद्याच्या तोंडाशीही द्यायचा असतो. चाणाक्ष वाचक म्हणतील, मधल्या डब्यातून पाटी दिसेपर्यंत इंजिन पुढं गेलेलं असतं आणि हॉर्न वाजायला लागलेला असतो. बरोबर आहे. पाटी आवाजाच्या आधी येत नाही. तरीही ती शोधायचा नाद लागल्यापासून थोरल्याचं दचकणं कमी झालंय. आवाज झाला की तो खिडकीशी जातो आणि पाटी सापडली की ‘फाटक’ म्हणतो. आवाजाला मालक मिळाला की तो वाघासारखा अंगावर येत नाही, असं मला वाटतं. शास्त्र काय म्हणेल ते म्हणो.

तुमच्याकडे एकच मूल आहे, ताई. आमच्याकडे दोन, आणि दोघांची तोंडं विरुद्ध दिशांना. धाकटीला बोगदा हवा असतो. आत शिरलं की ती घसा फुटेस्तोवर ओरडते आणि आवाज परत येतो का ते ऐकते. तिच्या त्या ओरडण्यानं थोरला कोसळतो. म्हणून आम्ही तिकिटं काढतानाच बर्थ लांब-लांब घेतो: मायलेकी डब्याच्या एका टोकाला, आम्ही दोघं दुसऱ्या. टीसीला वाटतं नवरा-बायकोचं भांडण झालंय. पट्टी मात्र दोघांनाही कामाची आहे. तोच काळा ठिपका पाहून इकडे इअरमफ चढतात आणि तिकडे ती श्वास भरून घेते. ओरडायचं ते बोगद्यातच, उघड्यावर नाही, एवढा करार तिनं मान्य केलाय. बाजूच्या काकूंना हे आधी सांगितलं तर त्याही हसून घेतात. नंतर सांगितलं तर ‘एक ठेवून द्या’ असा सल्ला मिळतो.

बोगद्याहूनही वाईट गोष्ट ताईंनी लिहिली नाही, पण त्यांना ती भेटलेली असणार: क्रॉसिंग. रोहा ते वीर मार्ग २०२१ मध्ये दुहेरी झाला. पुढे बहुतेक ठिकाणी एकच रूळ आहे, त्यामुळे समोरून गाडी यायची असली की आपली एखाद्या आडगावच्या स्टेशनात उभी राहते. वेळापत्रकात त्या थांब्याचं नाव नसतं. किती वेळ, कुणी सांगत नाही. आवाज नाही, गर्दी नाही, बाहेर हिरवंगार, आणि मुलाचा धीर सुटतो तो नेमका इथंच. यावर आमचा उपाय साधा आहे. पट्टीवर स्टेशनांच्या मधे-मधे रिकामे चौकोन काढायचे आणि आत प्रश्नचिन्ह टाकायचं. गाडी अवेळी थांबली की एक चौकोन भरायचा. चौकोन मुद्दाम जास्तच काढावेत. उरले तर थोरला ते सोडून देतो, कमी पडले तर मात्र धडगत नाही. जोडीला एक नियम सांगून ठेवायचा: समोरची गाडी गेली की आपली निघते. क्वचित दोन गाड्या जाऊ द्याव्या लागतात, तेव्हा ‘एक किंवा दोन’ म्हणा. धाकटी त्या गाडीचे डबे मोजते, तेवढाच तिचा वेळ जातो.

गणपतीत जाणार असाल तर आणखी एक ध्यानात घ्या. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीनं गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि वेळा बदलतात. पट्टीवर वेळाही लिहीत असाल तर उन्हाळ्यातल्या प्रवासाची तशीच वापरू नका. थोरल्याला बिगरपावसाळी वेळा तोंडपाठ आहेत, त्या बदलणार हे त्याला मे महिन्यातच सांगून ठेवावं लागतं. आणि गणपती स्पेशलला तर पट्टीवर वेळा घालूच नका. नुसता क्रम ठेवा.

सराव घरी. कुणा जाणाऱ्याकडून बोगद्यातला आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा आणि तो लावताना आवाज कमी-जास्त करायचं बटण मुलाच्या हातात द्या. मुलानं बंद केलं तर बंद. परत लावा म्हणून गळ घालू नका, दुसऱ्या दिवशी बघू. ग्लास आणि सिंगर यांच्याकडची माणसं मोठी होती, बटण न दाबताही त्यांना धीर आला. आपल्या मुलाला ते दाबून बघावंच लागतं, आणि दाबल्यावर आवाज खरोखर बंद व्हावा लागतो.

परतीच्या प्रवासाला पट्टी नवी करा. जातानाची उलटी धरून चालत नाही, अक्षरं डोक्यावर उभी राहतात आणि आमचा थोरला ती हातात घेत नाही. भोके आधी, मग करबुडे, मग उक्षी. गावी पोचल्यावर आरतीला झांजा वाजणार, त्यांचं काय, हे ताईंनी विचारलेलं नाही, पण विचारतीलच. ते मुक्कामाच्या लेखात घेतो. पुढच्या आठवड्यात, बहुतेक.