बिळात हवा साठवणारा मासा

एक रिकामा पेला पालथा धरून बादलीतल्या पाण्यात सरळ खाली दाबा. पेला पाण्यात बुडतो, पण आतली हवा तशीच अडकून राहते. हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. याच तत्त्वावर एक मासा आपली अंडी जगवतो, हे मात्र तुम्हांला ठाऊक नसेल.

हा मासा म्हणजे निवटी. आपल्या कोल्हापूरला समुद्र नाही, म्हणून तो आपल्या ओळखीचा नाही. पण आंबा घाट उतरून कोकणात गेलात, तर खाडीकाठी ओहोटीच्या वेळी तिवरांजवळच्या चिखलावर नीट पाहा. वीतभर किंवा त्याहूनही लहान मासे चिखलावर सरपटताना, मधूनच टुणकन उडी मारताना दिसतील. बेडकासारखे त्यांचे डोळे डोक्याच्या वर आलेले असतात. पाऊल वाजले, की क्षणात सारे बिळात गडप!

मुंबई-रायगडच्या बाजारात येणाऱ्या निवटीचे शास्त्रीय नाव बोलिऑफ्थॅल्मस दुसुमेरी असे आहे. दुसुमिए या फ्रेंच व्यापारी संग्राहकाच्या नावावरून ते 1837 साली देण्यात आले. छातीजवळच्या परांचा कुबड्यांसारखा उपयोग करून ही निवटी चालते आणि चिखलावरचे सूक्ष्म शैवाल खाते. पाण्याबाहेर ती ओल्या त्वचेतून आणि तोंडाच्या व घशाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. त्वचा वाळू नये म्हणून ती मधूनमधून डबक्यात लोळते.

आता बिळाकडे वळू. रंकाळ्याच्या काठचा गाळ काठीने उकरून पाहा. वरचा थर तपकिरी असतो, पण थोडे खाली काळा, वास येणारा चिखल लागतो. तिथे कुजणाऱ्या पदार्थांवर जगणारे जीवाणू प्राणवायू संपवून टाकतात. खाडीच्या चिखलातही हेच घडते. त्यामुळे बिळातल्या पाण्यात प्राणवायू फारच कमी असतो. मग अशा ठिकाणी घातलेली अंडी गुदमरत कशी नाहीत?

याचे उत्तर निवटीच्या भाईबंदांनी दिले. अत्सुशी इशिमात्सु या जपानी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मलेशियातील एका जातीचा अभ्यास करून 1998 साली दाखवून दिले, की हे मासे वरून तोंडात हवा भरून नेतात आणि बिळात सोडतात. पुढे 2007 साली जपानमधील एका लहान जातीची हकिकत प्रसिद्ध झाली. तिचे बीळ खाली जाऊन पुन्हा वर वळते आणि तिथे अंड्यांची खोली असते. नर त्या खोलीत घोटाघोटाने हवा आणून सोडतो. खोली पालथ्या पेल्यासारखी असल्यामुळे हवा निसटत नाही. अंडी छताला चिकटलेली असतात, म्हणून ती पाण्यात नव्हे, हवेत वाढतात!

पण पिले तर पाण्यात पोहणारी. ती कोरड्या खोलीत जन्मून काय करणार? अंडी पक्व झाली, की रात्री भरती चढत असताना नर उलटे काम सुरू करतो. खोलीतली हवा तोंडात भरून तो बाहेर नेऊन सोडतो. खोलीत पाणी चढते, अंडी भिजतात आणि फुटतात. पिले भरतीच्या पाण्यात निघून जातात. हवा केव्हा आणायची आणि केव्हा काढायची, हे दोन्ही बापाला साधावे लागते.

खाडीचा चिखल म्हणजे ओसाड, निरुपयोगी जागा, असे पुष्कळांना वाटते. तिवरे तोडून तिथे मातीचा भराव घातला, की या बिळांची तोंडे बुजतात. भरतीचे पाणी तिथे येईनासे होते, आणि भरती नसेल तर निवटीचे घरही नाही. सहलीला कोकणात जाल, तेव्हा ओहोटीची वेळ विचारून घ्या आणि काठावर दहा मिनिटे अगदी स्तब्ध उभे राहा. गडप झालेले डोळे बिळाच्या तोंडाशी पुन्हा वर येतील.