उताणा खेकडा

थांब, असा समोरून हात घालू नकोस. नांगीत बोट सापडलं तर तुझं बोंबलणं रतनवाडीच्या अमृतेश्वरापर्यंत ऐकू जाईल. मागून धर. पाठीच्या कवचाच्या दोन्ही कडा चिमटीत घे. हां, अस्सं. आता कर त्याला उताणा.

मृगाचा पाऊस पडला की आपल्या अकोल्याच्या डांगाणात माणसं रात्री बॅटऱ्या घेऊन ओढ्याला निघतात आणि दुसऱ्या दिवशी घरोघरी खेकड्याचा रस्सा. तुम्ही पुण्याची पोरं. खेकडा ताटातच बघितलेला. म्हणून आज आधी हातात बघा.

पोटावर ही झडप दिसते ना, खालून वर वळलेली? नराची झडप अरुंद आणि टोकदार असते. मादीची रुंद, गोल, सगळं पोट झाकणारी. ही मादी आहे. आता झडपेची कड नखानं हळूच उचल. घाबरू नको, चावत नाही ती तिथून.

बघितलंस? वळवळतायत ती तिची पोरं. प्रत्येकाला दोन नांग्या, आठ पाय, कवच, डोळे, सगळं जागच्या जागी. समुद्रातल्या खेकड्याचं पोर अंड्यातून निघतं तेव्हा खेकडा वाटतच नाही. त्याच्या डोक्यावर काटा असतो, मागे लांब शेपूट, आणि ते लाटांवर तरंगत फिरतं. कात टाकत टाकत मग कुठं खेकड्याच्या रूपाला येतं. आपल्या ओढ्यात असलं तरंगतं बाळ पहिल्याच लोंढ्याला प्रवरेत जाईल आणि तिथून गोदावरीत. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांनी ते बाळपण अंड्यातच उरकून टाकलंय. अंडंही आईच्या झडपेखाली आणि पोरही तिथंच, पायावर उभं राहीपर्यंत.

आणि ही झडप म्हणजे तरी काय? तिच्यावरच्या आडव्या रेघा बघ. कोळंबीच्या शेपटाला पेरं असतात तीच ही. कोळंबी शेपूट मागे सोडून पोहते. खेकड्यानं ते पोटाखाली दुमडून घेतलं आणि अंग पसरट केलं. एवढाच काय तो फरक.

दगड उलटवताना मात्र जपून. आपल्या जिल्ह्यात, विशेषतः तिकडे कर्जत-जामखेडकडच्या माळाला, दगडाखाली विंचू ठरलेला. त्यालाही चालायचे पाय आठच, पण त्याच्या नांग्या म्हणजे पाय नव्हेत, ते तोंडाशेजारचे अवयव वाढलेत. विंचवीण अंडी घालत नाही, पिल्लांनाच जन्म देते आणि त्यांनी पहिली कात टाकेपर्यंत सगळ्यांना पाठीवर घेऊन हिंडते. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, ते शंभर टक्के खरं. पिल्लं आईची पाठ पोखरून खातात, ही मात्र लोणकढी थाप.

बरं, आता खरी गंमत. आजी खेकडा साफ करताना पाठीचं कवच उचकटते, तेव्हा कधी वाकून बघा. दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले असतात, ते ती काढून टाकते. त्यांच्यामध्ये, अगदी पाठीच्या कवचाला लागून, त्याचं काळीज असतं. आणि मज्जेच्या गाठी, जिथून पायांना हुकूम सुटतात, त्या तळाला, पोटाच्या बाजूला. आता स्वतःला चाचपा. आपला मणका कुठं, पाठीला. त्याच्या आत मज्जारज्जू. काळीज कुठं, पुढे छातीत. म्हणजे नेमकं उलट. दोघांचंही आतडं मधून गेलेलं.

हे उलटं-पालटं पहिल्यांदा मनावर घेतलं ते पॅरिसच्या एका प्राध्यापकानं. जोफ्रुआ सेंट-हिलेर त्याचं नाव. १८२२ साली त्यानं खेकड्याचाच भाऊबंद, एक लॉबस्टर घेतला, चिरला आणि तुम्ही आत्ता केलात तसाच उताणा ठेवला. बघतो तर मज्जा वर, आतडं मध्ये, काळीज खाली. आपल्याच क्रमानं! तो म्हणाला, सगळ्या प्राण्यांचा आराखडा एकच आहे, कुणी सुलटा जगतो, कुणी उलटा. त्याचा सहकारी क्युव्हिए मोठा दांडगा विद्वान. त्याच्या मते प्राण्यांचे आराखडे चार, आणि एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नाही. १८३० मध्ये दोघांची तिथल्या विज्ञान अकादमीत जाहीर खडाजंगी झाली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये क्रांती होऊन राजा पळाला. ती बातमी जर्मनीत पोचल्यावर म्हाताऱ्या कवी गटेकडे एकजण आला. गटे उत्साहानं पॅरिसच्या स्फोटाबद्दल बोलायला लागला. पाहुण्याला वाटलं, राजाबद्दल चाललंय. गटे म्हणाला, छे हो, मी त्या दोघांच्या वादाबद्दल बोलतोय! असा म्हातारा मला आवडतो.

त्या वेळी लोकांनी वाद क्युव्हिएनं जिंकला असं मानलं. जोफ्रुआची लोकांनी टिंगल केली आणि दीडशेहून जास्त वर्षं उताणा लॉबस्टर तसाच पडून राहिला. मग जनुकं वाचायची विद्या आली. माशीच्या गर्भात एक जनुक ठरवतं की मज्जा कुठल्या बाजूला होणार. ते पोटाच्या बाजूला जागं होतं. बेडकाच्या गर्भात त्याच्याच वंशाचं जनुक हेच काम करतं, पण पाठीच्या बाजूला. १९९५ साली शास्त्रज्ञांनी माशीच्या त्या जनुकाचा निरोप बेडकाच्या गर्भात टोचला. बेडकाच्या गर्भाला तो कळला! त्यानं मुकाट पाठीकडचं अंग घडवायला घेतलं.

म्हणजे आपली आणि खेकड्याची भावकी आहे. दूरची आहे, पण आहे. किती दूरची? तू बसलायस तो काळा पाषाण ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अख्खं कळसूबाई त्याचंच. भावकी त्याच्या आठपटीहून जुनी, पंचावन्न कोटी वर्षांच्याही मागची. तेव्हाचा मूळपुरुष म्हणजे समुद्राच्या तळाशी सरपटणारं कसलंसं किडूकमिडूक.

आणि ऐक, बऱ्याच शास्त्रज्ञांचं म्हणणं असं की उलटला तो खेकडा नव्हेच. तो मूळच्यासारखाच चाललाय. उताणे झालो ते आपले पूर्वज.

धाकटे, हसतेस काय? घरात चल, तुला दुसरं दाखवतो. दार लोटून घे, अंधार हवा. आपली खुडूक कोंबडी पाटीत बसलीय ना, तिच्याखालचं एक अंडं आण. ती टोचा मारेल, मारू दे. अंड्याच्या बोथट टोकाला बॅटरी लाव. तांबड्या शिरांचं जाळं दिसतं? मधे तो काळा ठिपका, तो डोळा. अंडी बसवून आठवडासुद्धा झाला नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लू फुटेल, पण त्याचं काळीज दुसऱ्याच दिवशी धडधडायला लागलेलं असतं. आता अंडं लगेच परत ठेव, गार पडू देऊ नको.

या दिवसांत त्या पिल्लाला चोच नसते, पिसं नसतात. शेपूट असते, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना आडव्या वळ्या. माशाच्या गर्भात याच वळ्यांचे कल्ले होतात. तू आईच्या पोटात चार-पाच आठवड्यांची होतीस तेव्हा तुलाही त्या होत्या. तुझ्या वळ्यांचं पुढे काय झालं? जबडा झाला, गळ्यातली आवाजाची पेटी झाली आणि कानातली तीन इवली हाडं झाली. माझं बोलणं तू त्यातूनच ऐकतेयस.

फोन बेअर नावाचा गर्भांचा मोठा अभ्यासक होता. कुत्रीच्या पोटातलं मूळ अंडं पहिल्यांदा त्यालाच दिसलं, १८२७ साली. पुढच्याच वर्षी त्यानं लिहून ठेवलं, की दारूत जपलेल्या दोन गर्भांवर चिठ्ठी लावायची राहिली आणि आता ते सरड्याचे, पक्ष्याचे की सस्तन प्राण्याचे हे सांगता येत नाही. एवढ्या मोठ्या माणसाला! पुढे हेकेल म्हणून एक जर्मन पंडित आला, त्यानं चित्रं काढताना हा सारखेपणा जरा वाढवूनच दाखवला आणि बोलणी खाल्ली. पण फोन बेअरचं म्हणणं टिकलं. सामाईक खुणा आधी उमटतात, ज्याच्या त्याच्या वेगळ्या मागाहून. रेहेकुरीच्या काळविटाचा गर्भ घे. आपल्यासारखाच पंजा घडायला लागतो, मग मधली दोन बोटं वाढतात, बाकीची मागे राहतात, आणि माळावर उड्या मारतो तो त्या दोन बोटांच्या नखांवर. त्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो म्हणतात ना, तो गुडघाच नव्हे, टाच आहे. गुडघा वर मांडीशी.

थोरल्याचा प्रश्न बरोबर आहे: मग खेकड्यापेक्षा जवळचा कोण? ते बघायला गर्भाच्याही आधी जावं लागतं, नुसता पेशींचा पोकळ गोळा असतो तेव्हा. त्या गोळ्याला पहिलं भोक पडतं. जुन्या लोकांनी त्यावरून दोन मोठी घराणी पाडली: भोकाचं तोंड होतं ती एक, ढुंगण होतं ती दुसरी. हसा, हसा. या खुणेला आता अपवाद सापडलेत, पण जनुकं वाचली तरी घराणी बहुतेक तीच राहिली. पहिल्यात खेकडा, विंचू, गोगलगाय, गांडूळ. दुसऱ्यात आपण, कोंबडी, मासा, आणि तारामासा!

हो, तो पाच हातांचा. ना डोकं, ना पुढचं-मागचं. पण त्याचं बाळ तसं नसतं. ते समुद्रात तरंगतं आणि त्याला आपल्यासारखी डावी-उजवी बाजू असते. मग त्याच्या डाव्या अंगात नवा, पाच कोनांचा तारामासा उगवायला लागतो, बाळाचं उरलेलं अंग स्वतःत जिरवून टाकतो आणि तळाशी जाऊन बसतो.